मी गुंतवलेली टेप

मित्रांनो, मी एक जुना टेप डेक आहे. टेपरेकॉर्डरचा थोरला भाऊ म्हणा हवं तर. वारज्याला दिग्विजयच्या कपाटावर माझा मुक्काम असतो आणि खरं सांगायचं तर मला अजून माझाच राग येतो.

दिग्विजयला आयटी कंपनीत नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून त्याने मला घरी आणलं. तो आणि त्याची बहीण उत्कर्षा, दोघांनाही रॉक संगीताचं वेड. कॉलेजच्या मैदानावर कुठल्याही बँडचा कार्यक्रम असला की उत्कर्षा स्कार्फमध्ये छोटा रेकॉर्डर लपवून गर्दीत उभी राहायची. घरी आलेल्या कॅसेटची प्रत मी काढायचो. मित्रमंडळी आपापल्या कॅसेट घेऊन अदलाबदलीला यायची, माझ्या आवाजाचं कौतुक करायची. मी फुशारून जायचो.

उत्कर्षाने रेकॉर्ड केलेल्या एका कॅसेटची मात्र प्रत निघालीच नाही. तिच्यात धायरीचा मच्छिंद्र ड्रम वाजवत होता. पुढे तो महामार्गावरच्या अपघातात गेला आणि त्याचं वाजवणं त्या कॅसेटशिवाय कुठेच उरलं नाही. त्याची आई इंदुबाई अधूनमधून यायची, ती कॅसेट लाव म्हणायची. दिग्विजय हात जोडायचा. वाजवली की टेप झिजते काकू, चांगली साधनं आली की एकदाच कॉम्प्युटरवर उतरवू, तेव्हा ऐका. इंदुबाई मान डोलावून धायरीची बस पकडायची.

साधनं येत गेली. घरात कॉम्प्युटर आला, गाणी त्याच्यावर वाजू लागली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी इंदुबाईला कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा उत्कर्षाने भावाला फैलावर घेतलं. ऐकू येईनासं झाल्यावर लावणार आहेस का, असं तिने विचारलं.

एका रविवारी सकाळी मला खाली काढलं. दिग्विजयने माझी धूळ पुसली, कॉम्प्युटरला वायर जोडली. आत मात्र पाहिलं नाही. टेप पुढे ओढणारं माझं रबरी चाक पडून पडून गुळासारखं चिकट झालं होतं. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं? आधी एखादी फालतू कॅसेट लावून पाहावी, एवढंही त्याला सुचलं नाही. समोर इंदुबाई बसली होती ना.

कॅसेट आत गेली. बटण दाबलं. शिट्ट्या, आरडाओरडा, मग गिटार. इंदुबाई कानामागे हात धरून पुढे वाकली. गिटार थांबली, मच्छिंद्र एकटा वाजवू लागला. मी जीव मुठीत धरून फिरत होतो. गायकाने ड्रमवाल्याची ओळख करून द्यायला सुरुवात केली आणि तेवढ्यात टेप चाकाला चिकटली. आवाज घोगरा झाला. चाक टेप गुंडाळून घेऊ लागलं आणि मला थांबता येईना.

उत्कर्षाने प्लगच खेचला. दोघांनी श्वास रोखून, नखाने एकेक वेढा सोडवला. टेप तुटली नव्हती, चुरगळली होती. माझं चाक स्पिरिटने पुसून त्यांनी ती पुन्हा लावली. सगळं कॉम्प्युटरवर उतरलं, फक्त त्या एका जागी नुसती खरखर.

"इथं काय होतं गं?" इंदुबाईने विचारलं.

"त्याचं नाव होतं, काकू. सगळं मैदान ओरडत होतं," उत्कर्षा म्हणाली.

"तू पण?"

"नाही. माझा आवाज टेपवर आला असता. रेकॉर्ड करणाऱ्याने टाळीसुद्धा वाजवायची नसते. मी तोंड मिटून उभी होते."

"मग आता म्हण."

उत्कर्षा उठून उभी राहिली आणि छाती भरून ओरडली, "मच्छिंद्र!" खाली वॉचमनने वर पाहिलं. ती पुन्हा ओरडली, मग दिग्विजयही ओरडू लागला. इंदुबाईने कानामागचा हात खाली घेतला होता. ती रडत होती.

मित्रांनो, जपून ठेवलेल्या वस्तू अधूनमधून चालवत जा, नाहीतर माझ्यासारख्या त्या ऐनवेळी दगा देतात. आणि कुणाची आई काही ऐकायला मागत असेल, तर ते आजच लावा.