तिसऱ्या कपाटातली चिठ्ठी

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, परभणीत नव्यानं उघडलेल्या पुराणवस्तूंच्या दालनात, पहारेकऱ्यानं कासाबाईचं मनगट धरलं. तारीख तेरा ऑक्टोबर १९५६, वार शनिवार.

कासाबाई सोनपेठकडची, मेंढरांमागं जन्म गेलेली. दीर रायभान याच्याबरोबर ती लोकर विकायला आली होती. आपल्या गावच्या टेकाडातून उकरून नेलेल्या वस्तू इथं काचेत मांडल्यात असं कानावर आलं, म्हणून दोघं आत शिरली. चालता चालता सूत काढायची तिची सवय. टकळी हातातच होती.

तिसऱ्या कपाटात भाजलेल्या मातीच्या सात चकत्या होत्या, मधोमध भोक असलेल्या. रायभाननं अक्षरं जुळवत खालची चिठ्ठी वाचली: 'मुलांच्या खेळातल्या गाडीची चाके. सुमारे दोन हजार वर्षे जुनी.'

कासाबाईला हसू आवरेना. "चाकं? अवो, टकळीच्या चकत्या हायेत ह्या. ही बघा!"

तिनं टकळी वर धरली. काडीला बसवलेली चकती हुबेहूब तशीच होती, काठावर तशाच नखाच्या खुणा. ते बघूनच पहारेकरी धावला होता.

"झालं वैनी," रायभान पुटपुटला. "आता तुमालाच कपाटात ठेवतेत."

दालनाचे अधिकारी दिनकरराव बाहेर आले. त्यांनी आधी तिचा हात सोडायला लावला, मग कपाटातल्या चकत्या पाहिल्या. सातही जागच्या जागी होत्या.

"ही कुठली, बाई?"

"त्याच टेकाडावरली. सासूला शेळ्या चारताना घावली. तिनं जन्मभर हिच्यावर कातलं, आता मी कातायलेय."

"मग ती सरकारजमा करावी लागेल. कायदा आहे. पावती देतो."

सासूची म्हणून एवढीच वस्तू तिच्याकडं उरली होती. लाकडाची चकती तिनं लावून पाहिली होती. तिच्यावर असा पीळ बसत नव्हता.

"कागदावर काय लिवणार?" तिनं विचारलं. "गाडीचं चाक?"

दिनकररावांची लेखणी थांबली.

"चाक लिवलं तर ही लोकर कशानं कातली ते बी लिवा. टकळी लिवली तर ती चिठ्ठी काढा. खोटं लिवून माझ्या सासूची वस्तू न्यायची न्हाई."

"चिठ्ठी हैदराबादहून आलीय. मला बदलता येत नाही."

"मग त्यास्नी बोलवा. मी बसते."

तिनं फरशीवर बसकण मारली आणि टकळीला गिरकी दिली. बघायला आलेली माणसं कपाटं सोडून तिच्याभोवती गोळा झाली. दीड वाजेपर्यंत ती हलली नाही. शेवटी दिनकररावांनी हैदराबादला पत्र लिहिलं आणि तिला ताकीद दिली: हुकूम येईपर्यंत चकती तुझ्याकडं राहील, पण जिल्ह्याबाहेर न्यायची नाही.

"मेंढरांना सांगा तसं, साहेब," रायभान म्हणाला. "चारा दिसंल तिकडं ती जातेत, आन् आमी त्यांच्या मागं."

एक नोव्हेंबरला परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला. हैदराबादचं उत्तर त्यानंतर आलं: या प्रकरणी आता मुंबईकडे विचारणा करावी. दिनकररावांनी मुंबईला लिहिलं आणि शेवटी स्वतःची एक ओळ जोडली: 'चाके' हा निष्कर्ष पुन्हा तपासावा.

मार्चअखेरपर्यंत मुंबईचं उत्तर आलेलं नाही. तिसऱ्या कपाटातली चिठ्ठी काढलेली आहे. तिच्या जागी दुसरी लावलेली नाही. कासाबाईचा कळप गेल्या बुधवारी पूर्णेच्या पुढं, नांदेडच्या हद्दीत दिसला. टकळी तिच्या हातात होती.