ब्राह्मीचा उपवास

सदलग्यात पर्युषण चालू होतं. शेजारच्या क्षमाची नऊ वर्षांची ब्राह्मी सकाळपासून पाण्यालाही तोंड लावीना. पोरगी बोलत नाही. ऑटिझम आहे, असं डॉक्टरांनी मागेच सांगितलेलं. आजी अक्काताई मात्र हरखली. न सांगता नातीनं उपवास धरला, म्हणून आल्यागेल्याला सांगत सुटली. बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, दोघीजणी तर पोरीच्या पाया पडून गेल्या.

दुपारी पोरीला उलटी झाली, अंग तापलं. मी माझी ओम्नी गाडी काढली, मायलेकींना आणि अक्काताईला बसवलं.

निपाणीच्या एका लहानशा दवाखान्यात मंजुश्री नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. पोटाला हात लावायला गेल्या, तर ब्राह्मीनं हात झटकला आणि हसली. क्षमा म्हणाली, दुखलं तरी ही हसतेच. सोनोग्राफीवाले उद्या येणार होते. अपेंडिक्स सुजलं असेल तर उद्यापर्यंत थांबणं जिवावर बेतणार. नसेल तर पोरीला उगाच बेळगावला, अनोळखी माणसांत न्यायचं.

डॉक्टरांनी विचारलं, ही उडी मारते का? पोटात तसली सूज असली की लेकरू उडी टाळतं म्हणे. पण सांगून ती मारायची नाही.

"माझ्या कीर्तनात मारती की," मी म्हणालो. "गजर चढला की हीच पयली."

क्षमा माझ्याकडं बघतच राहिली. पोरगी विठ्ठलाच्या देवळात जाऊन बसते, एवढंच तिला ठाऊक.

"मग करा गजर, अण्णा," डॉक्टर म्हणाल्या.

"हितं?"

"इथंच. बघू तर."

देवाला कुठली जागा वर्ज्य आहे? मी टाळी धरली, विठ्ठल विठ्ठल सुरू केलं. पलीकडच्या खाटेवरचे सलाईन लावलेले आजोबाही म्हणू लागले. ब्राह्मी खाली उतरली. तिची टाळी नेमकी समेवर पडत होती. मी लय वाढवली. ती चवड्यांवर आली, गुडघे वाकवले, आणि तशीच थांबली. पुन्हा वाकली, पुन्हा थांबली. मग उजवी मांडी पोटाशी ओढून हसली.

डॉक्टरांनी बेळगावला फोन लावला. पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"हो सर, उडी मारली नाही, एवढ्यावरूनच," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी बेळगावात ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, पोरगी वेळेत आली, असं सर्जननी सांगितलं. अक्काताई भिंतीकडं तोंड करून माळ ओढत बसली. क्षमा माझ्या बाकावर येऊन टेकली.

"अण्णा, कीर्तनात अजून काय काय करती ही?"

मी सांगायला लागलो.