आधी कोणी पाहिलं

एडिटिंगच्या खोलीत सगळे तिला कात्री म्हणत. खरी कात्री तिने तिथे कधी हातात धरली नव्हती, काम सगळं संगणकावर. पण नाव पडलं ते पडलंच, आणि घरी ताईच्याही तोंडात बसलं.

ताई नटी. थ्रिलर सिनेमांत तिला कामाची वाण नव्हती, फक्त ते काम म्हणजे मरणं. कधी न्हाणीघरात, कधी गाडीच्या डिकीत, तर कधी पहिल्याच प्रसंगात, प्रेक्षकांना नाव कळायच्या आत. "मी मेल्याशिवाय हिरोला राग कसा येणार?" ती म्हणायची. "बिचाऱ्याला एरवी काही उद्योगच नसतो."

या वेळी मात्र तिला पोलीस अधिकारी केलं होतं. हिरो वरिष्ठ, ही त्याच्या हाताखालची. पण एक प्रसंग तिचा होता आणि त्याच्यासाठीच तिने सिनेमा घेतला होता. खून झालेल्या खोलीचं दार आतून बंद होतं, असं शेजारी सांगतो. ताईची नजर कडीवर जाते. कडीवरची धूळ जशीच्या तशी, म्हणजे ती कोणी हलवलेलीच नाही आणि शेजारी खोटं बोलतोय. मग ती हिरोकडे बघते, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. सगळा प्रसंग मुका. ताईने तो आरशासमोर इतक्यांदा करून पाहिला होता, की आई म्हणाली, "आता त्या कडीला तेवढी सुट्टी दे."

सिनेमाचं एडिटिंग कात्रीकडेच होतं. दिग्दर्शकाने तो प्रसंग बघून मान हलवली. "हिरो नुसता खांबासारखा उभा आहे गं. लोक त्याला बघायला येणार. जरा उलटंपालटं करून बघ ना."

तिने करून बघितलं. आधी हिरोचा चेहरा, मग कडी, मग ताईचा चेहरा. आणि ती चकितच झाली. पडद्यावर जो आधी बघतो, शोध त्याचा होतो, आणि जो नंतर बघतो त्याला तो दाखवला जातो. हे तिला माहीत होतं, पण इतकं चोख चालताना तिने कधी पाहिलं नव्हतं. ताईचे किंचित मोठे झालेले डोळे तेच होते. मघाशी ते विचार करत होते, आता ते हिरोचं कौतुक करत होते. प्रयोग जमल्यासारखा तिला आनंद झाला. त्या भरात तिने ताईचा चेहरा पडद्यावर आणखी थोडा रेंगाळू दिला. हे तर तिला कोणी सांगितलंही नव्हतं.

"भारी," दिग्दर्शक म्हणाला. "ताई रागावणार नाही ना?"

"तिचा एकही शॉट गेलेला नाही," कात्री म्हणाली. उलट वाढलाच होता.

सिनेमा आधी घरच्यांना दाखवला. कडीचा प्रसंग आला तशी ताई खुर्चीत पुढे सरकली आणि मग हळूच मागे टेकली. बाहेर जिन्यात ती म्हणाली, "किती बावळट दिसले गं मी. मला वाटत होतं मी विचार करतेय. चेहऱ्यावर नुसतं वा वा."

सांगायची वेळ तीच होती. पण मागून दिग्दर्शक उतरत होता, चार ओळखीचे लोक होते, आणि कात्री म्हणाली, "काहीतरीच. छान झालंय." घरी निवांत सांगू, असं तिने ठरवलं. घरी आईच्या गुडघ्यांचा विषय निघाला. दुसऱ्या दिवशी कामाची घाई होती. आणि मग न सांगण्याचीच सवय झाली.

पुढच्या सिनेमाचं चित्रण तिच्याकडे आलं तेव्हा पहिल्याच तुकड्यात ताई फरशीवर मरून पडली होती. कात्रीने तिथल्या तिथे फोन लावला.

"हे काय घेतलंस तू? तुला वकिलाचं काम आलं होतं ना?"

"नको म्हटलं मी त्यांना," ताई म्हणाली. "डोकं चालवणाऱ्या बाया मला जमत नाहीत. बघितलं ना आपण दोघींनी."

तेव्हा कात्रीने सांगितलं. कुठला शॉट कुठे होता, तो कुठे नेला, चेहरा कोणी लांबवला, सगळं.

"म्हणजे कडी मीच आधी बघितली होती?"

"हो."

"मला तसंच आठवत होतं. मग वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय." ताईचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. "तेव्हाच बोलली असतीस तर, कात्री."

"मी बोलू का त्या वकिलाच्या सिनेमावाल्यांशी?"

"त्यांनी दुसरी घेतली. करेल ती चांगलं." मग ती कामाचं बोलायला लागली. "माझं पोट वरखाली होताना दिसतंय का ते नीट बघ. फरशी फार गार होती, श्वास रोखता येत नव्हता."

फोन ठेवून कात्री पडद्याकडे वळली. ताई खरंच श्वास घेत होती. दोन श्वासांच्या मधला, पोट अगदी न हलणारा तुकडा शोधायला तिने चित्रण पुन्हा पुन्हा मागे नेलं. सापडला तो फार छोटा होता. त्याच्यापुढे हिरोचं रडणं जोडायचं होतं, आणि ते मात्र भरपूर घेतलेलं होतं.