फोटोमागचं लिहिणं

"इमेज. इमेज. इमेज."

चिमाजीने फोन दीपकच्या टेबलावर ठेवला. "ऐक. सकाळपासून फोनमधली ही बाई एवढंच बोलतीय."

वाचनालयाची नवी वेबसाइट दीपकने आठवड्यापूर्वी सुरू केली होती. "काका, फोटो सगळे आहेत. दोनशे बारा. मोजून टाकलेत."

"फोटो घेऊन मी काय करू? त्याच्यामागं लिहिलेलं कुठं हाय?"

लिहिलं होतं प्रतिभाने, चिमाजीच्या बायकोने. ती इथे एकोणतीस वर्षं कारकून होती. चिमाजी जन्मांध, सायखेड्याहून येऊन खुर्च्यांना वेत विणायचा. वाचनालयाच्या खुर्च्या विणता विणता लग्न जमलं. पुढे जुन्या नाशिकचे फोटो वेबसाइटवर चढवायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिने प्रत्येक फोटोमागे दोन ओळी लिहिल्या. डोळसांना त्या दिसत नाहीत. आंधळ्याला फोन वाचून दाखवतो. तिला कोणी सांगितलं नव्हतं, कोणी शाबासकीही दिली नाही. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. रोज सकाळी चहाबरोबर चिमाजी दहा फोटो ऐकायचा.

"अपंगांची सोय केलीय की," दीपक म्हणाला. "हे बटण दाबलं की अक्षर मोठं होतं."

"केवढं मोठं? मला दिसंल एवढं?"

दीपकने माउसवरचा हात काढला. मग खरं ते बोलला. "जुनी साइट पुसली, काका. ते लिखाण पानावर कुठं दिसत नव्हतं, म्हणून घेतलं नाही."

दिसत नव्हतं म्हणून घेतलं नाही! आंधळ्या-लंगड्यांना असंच वगळतात, आणि मग नारळ फोडून पेढे वाटतात.

चिमाजीने चाचपत खुर्ची ओढली. "पहिला उघड. कसला हाय?"

"पूर दिसतोय."

"लिही. पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत. पुलावर माणसं दाटली आहेत. एकाच्या खांद्यावर पोर आहे. ते पाण्याकडे नाही, फुगेवाल्याकडे बघतंय."

त्याची सायखेड्याची बोली गळून पडली होती. हे प्रतिभाचं मराठी होतं. दीपकने फोटोत फुगेवाला शोधला. सापडला.

"पुढचा रंगपंचमीचा. रहाड आहे, रंगाने भरलेला हौद."

"रंगाच्या रहाडीत उडी घेतलेला माणूस अजून हवेतच आहे. चपला मात्र काठावर नीट जोडून ठेवल्या आहेत."

दुपार झाली. फोटो शंभराच्या पुढे गेले. आठवलं नाही तिथे चिमाजी सरळ सांगायचा, "नाय आठवत. तू बघून लिही. पण तिच्यासारखं लिहायला जाऊ नको."

"हा वाचन कक्षाच्या उद्घाटनाचा."

"अध्यक्ष फीत कापत आहेत. हारांनी हनुवटीसुद्धा झाकली आहे. दाराशी तबक धरून एक बाई उभी आहे."

दीपकचे हात थांबले. त्याने फोटो मोठा केला, मग भिंतीवरच्या कर्मचाऱ्यांच्या फोटोकडे पाहिलं.

"काका, ही बाई म्हणजे काकूच आहेत."

चिमाजीने ती ओळ निदान पन्नासदा ऐकली होती. ती बाई आपणच, हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

"नाव घालू?"

"तिनं काय लिहिलंय? एक बाई. तसंच राहू दे." चिमाजी पुढे वाकला. "बघतीय कुठं?"

"बाकी सगळे फितीकडे बघतायत. काकू सरळ कॅमेऱ्याकडे."

"म्हंजी आपल्याकडं?"

"हो."

चिमाजीने शर्टाचं वरचं बटण लावलं. केसांवरून हात फिरवला.

"पुढचा घे," तो म्हणाला.