सख्खं रक्त

"तुम्हाला मधुमेह नाहीच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

विहिरीवरची मोटार जळलीच नाही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं, तसं पंपवाल्याने त्यांच्याकडे बघितलं.

"असं कसं? चार महिने गोळ्या खातोय. बिनसाखरेचा चहा पितोय. आता कुठे घरात जरा मान मिळायला लागला होता."

"म्हणूनच चक्कर येते. साखर मुळात वाढलेली नाही, वर ती उतरवायच्या गोळ्या. आज विहिरीच्या काठावर पडलात, आत पडला असतात तर?"

"पण गावातल्या तपासणीत निघाली होती ना? दोनदा."

"तेच कळत नाहीये मला." बाईंनी रिपोर्ट उलटा करून पाहिला, जणू खुलासा मागच्या बाजूला छापला असावा. "रक्त तुम्हीच दिलंत ना?"

"नाही. दादाने."

बाईंनी रिपोर्ट खाली ठेवला. पंपवाल्याला त्यांची दया आली. शिकलेल्या माणसाला साध्या गोष्टी फोडून सांगाव्या लागतात.

"दोन्ही वेळा मी पंप दुरुस्तीला विहिरीत होतो, आणि नर्सताई दारात. दादा घरीच होता. म्हटलं, माझ्या नावावर तूच दे. सख्खा भाऊ. रक्त एकच."

"आणि त्यांच्या स्वतःच्या नावावर?"

"परत कशाला टोचून घ्यायचं, म्हणाला. माझ्यावर मात्र डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतो. आजारी माणसाने गोड खाऊ नये म्हणून माझ्या वाटचंही तोच खातो."

बोलता बोलता पंपवाल्याचा आवाज बारीक होत गेला. आपण निरोगी आहोत ही बातमी चांगली की वाईट, हे त्याला ठरवता येईना.

"दादांना बोलवा," बाई म्हणाल्या.

दादा बाहेर बाकावरच होता. धाकट्याला एकट्याला कुठे सोडायचं नाही, हा त्याचा चार महिन्यांचा नेम. घाईघाईने आत येत त्याने विचारलं, "बाई, काळजीचं काही नाही ना? लहान आहे हो तो."

बाई त्याच्या पायांकडे बघत होत्या. उजव्या पायात चप्पल नव्हती. ती उंबऱ्याशी उलटी पडली होती.

"दादा, तुमची चप्पल?"

"घातलीये की."

पंपवाला उठला. त्याने चप्पल आणली आणि दादापुढे गुडघ्यावर बसला. दादाने तोल सांभाळायला त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नजर बाईंकडेच होती.

"गोळ्या वेळेवर देतो मी त्याला," तो म्हणाला आणि जरा वेळाने खाली वाकला. "झाली का रे घालून?"

चप्पल केव्हाच पायात गेली होती.