पाठीवरची पेन्सिलची रेघ

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला कीव नको. मी एक जुना श्वासमापक आहे: प्लॅस्टिकची नळी, पाठीवर आकडे आणि फुंकलं की पुढे सरकणारा लाल काटा. आकडे झिजलेत, म्हणून मी काही मोडीत निघालेलो नाही.

दम्यावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे मी कामाला लागलो. काही माणसांना ॲस्पिरीनची साधी गोळी सोसत नाही. नाक चोंदतं, श्वासनलिकेला आतून सूज येते, जीव गुदमरतो. ते ओळखायला बाई रुग्णाला डोळ्यांसमोर बसवून गोळी थोडी थोडी वाढवत देत आणि दर वेळी माझ्यात फुंकायला लावत. गोळीआधीची सकाळची फुंक जिथे पोचेल, तिथे त्या माझ्या पाठीवर पेन्सिलने रेघ ओढत आणि संध्याकाळी ती पुसत. काय ऐट होती तेव्हा माझी!

मग पडद्याचं यंत्र आलं. कौतुक सगळं त्याच्या वाट्याला, आणि मला खण. रेघेपुरती तेवढी बाई माझी आठवण काढत.

एकदा पोहायला शिकवणाऱ्या एक ताई आल्या. डोकेदुखीची गोळी घेतली की दम लागतो, हे सांगून सांगून त्या थकल्या होत्या. सख्खी बहीणसुद्धा म्हणायची, मनाचे खेळ आहेत. आज दोष सापडला नाही, तर पुन्हा कुणीतरी तीच गोळी पुढे करणार आणि ती जिवावर बेतणार. बाईंनी सकाळी रेघ ओढली आणि त्या वॉर्डात गेल्या. गोळी वाढवत देण्याचं पुढचं काम एका तरुण डॉक्टरांकडे आलं.

दुपारी ताईंचा आवाज घोगरा झाला. डॉक्टरांनी त्यांना नव्या यंत्रात फुंकायला लावलं. पडदा हिरवा झाला. त्या वयाच्या, त्या उंचीच्या बाईला शोभेल एवढा श्वास होता ना!

"सगळं नॉर्मल आहे ताई, घरी जा."

ताई जागच्या हलल्या नाहीत. "चारचौघींइतका श्वास म्हणजे माझा अर्धाच. सकाळी ज्यात फुंकलं, त्यात फुंकल्याशिवाय मी उठणार नाही."

डॉक्टरांनी नाइलाजाने मला खणातून काढलं. ताईंनी फुंकलं. काटा रेघेच्या कितीतरी अलीकडे थांबला. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. कुणाची भीड ठेवून मी का पुढे सरकू? डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी लगोलग औषधाचा पंप दिला आणि बाईंना बोलावलं.

संध्याकाळी बहीण न्यायला आली. बाईंनी तिला रेघ दाखवली, काटा दाखवला.

"घरातल्या त्या गोळ्या आजच फेकते," ती ताईंना म्हणाली. "मला आधीच ऐकायला हवं होतं गं."

मित्रांनो, मला खुशाल खणात ठेवा. पण कुणी दम लागतोय म्हणालं, तर चारचौघांच्या मापाने त्याला खोटं पाडू नका. त्याचा रोजचा श्वास केवढा, ते आधी विचारा. आणि मला फेकायला निघालात, तर एकदा फुंकून बघा. काटा अजून कुणाला भीत नाही.