लूशियसच्या टोपीतला खेकडा

मी एक खेकडा बोलतोय. पण आधीच सांगून टाकतो, मी खरा नाही. माझ्या अंगात मांस नाही की रक्त नाही. आहे तो एक पोलादी गळ, त्याच्याभोवती गुंडाळलेली मातकट लोकर, रबराचे सहा पाय आणि शिशाचे दोन डोळे. गंमत म्हणजे आमच्याकडची माणसं मला खेकडासुद्धा म्हणत नाहीत. पिसं, लोकर, दोरा गुंडाळून केलेल्या प्रत्येक गळाला ते सरसकट 'माशी' म्हणतात, मग तो दिसायला कसाही असो. मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

माझा जन्म साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, ब्यूफोर्टपासून दोन पूल ओलांडले की लागणाऱ्या एका बेटावर, लूशियस ग्रिम्बॉल यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. एका बाजूला लाल भाताचं पातेलं, दुसऱ्या बाजूला टेबलाच्या कडेला बसवलेला चिमटा आणि त्या चिमट्यात मी. लूशियस यांनी चाळीस वर्षं होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. त्यांच्या बोटांतलं काळं तेल साबणानं कधी निघालं नाही, आणि त्यातलं थोडं माझ्या लोकरीतही उतरलं आहे. मला त्याचा अभिमान आहे.

एरवी एक माशी बांधायला त्यांना वीस मिनिटं पुरत. मला तीन दिवस लागले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडला होता आणि तो वाढत चालला होता. दोरा तीनदा तुटला, माझा एक डोळा तिरका बसला, आणि दर वेळी मला जे ऐकावं लागलं ते मी इथं सांगणार नाही. शेवटची गाठ त्यांनी नुसत्या बोटांनी चाचपून मारली. मग पकडीनं माझ्या गळाचा उलटा काटा दाबून सपाट केला, म्हणजे सोडताना माशाला इजा होऊ नये, आणि कात्री खणात टाकून दिली.

"झालं," ते म्हणाले. "ही शेवटची."

असा मी त्यांचं शेंडेफळ. आणि त्याच दुपारी त्यांनी डोंगरात राहणाऱ्या लेकीला, व्हर्डेलला, फोन लावला.

"डॉक्टरीणबाई म्हणतात, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चाळीस फुटांवरची शेपटी मला दिसायची नाही," ते म्हणाले. "त्याआधी मला एकदा बघायचंय. तू मासा धरताना. आपल्या खाजणात."

"रजा मिळते का बघते," एवढंच तुटक बोलून तिनं फोन ठेवला. का, ते मला नंतर कळलं. व्हर्डेल लहान असताना दर मोठ्या भरतीला होडीत बसायचा हट्ट धरायची, आणि लूशियस दर वेळी तिला धक्क्यावर सोडून दोस्तांबरोबर निघून जायचे. चिखलात बूट अडकेल, रडशील, म्हणायचे. पुढे ती पोस्टाच्या नोकरीसाठी डोंगरात गेली आणि तिथल्या एका शेजारीणबाईनं तिला ओढ्यातले ट्राउट मासे धरायला शिकवलं. बापानं शिकवायचं ते परक्या बाईनं शिकवलं, हे लूशियस यांच्या मनाला कुठं तरी टोचत होतं. पण टोचलेलं बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती.

ती आली, दोन महिन्यांची रजा काढून.

आमच्या तांबड्या माशाचा दरबार रोज भरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सहा फुटांच्या वर चढलं, आणि पूर्वेचा वारा मदतीला आला, की खाजणातलं एरवी कोरडं असणारं उंचावरचं गवत गुडघाभर पाण्यात जातं. मग मोठमोठे तांबडे मासे गवतात शिरतात आणि खेकडे शोधायला डोकं चिखलात खुपसतात. डोकं खाली गेलं की शेपटी वर, थेट हवेत. तांब्याच्या रंगाची, काळ्या ठिपक्याची ती शेपटी हलताना दिसली की आमच्याकडची भली भली माणसं कामधंदा विसरतात. त्या दिवशी दातांचे डॉक्टरसुद्धा दार लावून मोकळे होतात.

पण हे सगळं जेमतेम दोन तास. पाणी उतरू लागलं की होडी काढायची. जो रेंगाळला त्याची होडी गवतावर बसते, ती पुढच्या भरतीपर्यंत हलत नाही. शेजारच्या आयझमची एकदा बसली होती. त्याला अकरा वर्षं झाली, तरी चर्चच्या जेवणावळीत कोणी ना कोणी त्याला विचारतंच, "काय आयझम, आज चालत आलास की होडीनं?"

सप्टेंबरात आम्हाला तीन मोठ्या भरत्या मिळाल्या. व्हर्डेलचा हात सुंदर होता. मला अशी अलगद पाण्यात ठेवायची की शेजारचे खरे खेकडेही दचकायचे नाहीत. तिन्ही वेळा मासा वळला, तिन्ही वेळा त्यानं मला तोंडात घेतलं, आणि तिन्ही वेळा व्हर्डेलनं गळाची छडी झटकन वर उचलली. ट्राउटला ते चालतं. पण तांबड्याचं तोंड खालच्या बाजूला असतं. छडी उचलली की मी त्याच्या ओठांतून सुटून हवेत. तिथं छडी खालीच ठेवायची आणि डाव्या हातानं दोर ओढायचा असतो. तिसऱ्यांदा मी उडालो तो थेट लूशियस यांच्या टोपीत रुतलो.

"हे काय केलंस?"

"ओढलं."

"ओढलं नाहीस, उचललंस. डोंगरातली सवय."

"मग कुठली असणार, डॅडी? मला शिकवलं ते डोंगरातल्यांनी. इथल्यांना वेळ नव्हता."

लूशियस यांनी मला टोपीतून सोडवून तिच्या हातात दिलं. परत येताना होडीत फक्त इंजिनाचा आवाज होता. मला तर आपण जन्मालाच आलो नसतो तर बरं, असं वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी मात्र लूशियस न्याहारी होताच अंगणात गेले, माझ्यामागचा दोर मुठीत धरून तीस फुटांवर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "चल. मी मासा."

रोज तासभर हे चाले. ते मुठीनं दोराला हिसका देत आणि तिनं डाव्या हातानं ओढायचं. तिचा उजवा हात वर गेला की ते शांतपणे सांगत, "गेला मासा. घरी जाऊन बायकोला सांगतोय, पोस्टातली एक बाई भेटली होती म्हणून." ती आधी चिडायची, मग हसायला लागली. एकदा आयझम कुंपणाशी थांबला आणि हे दृश्य बघून म्हणाला, "व्हर्डेल, हा ठेवू नकोस गं. म्हातारा मासा आहे, चिवट लागेल."

ऑक्टोबरची ती भरती सकाळची होती, आणि त्या वर्षातली, उजेडात येणारी शेवटची मोठी. त्यानंतर थंडी, आणि थंडीत तांबडा गवतात येत नाही. म्हणजे हे चुकलं तर पुढचा उन्हाळा, आणि पुढच्या उन्हाळ्याचं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं. दोघांनाही हे माहीत होतं, म्हणून दोघंही हवेबद्दल बोलत होते.

होडी गवताच्या कडेला नांगर टाकून ठेवली आणि दोघं चालत आत गेले. गोगलगायी पाण्याला भिऊन देठांच्या टोकांवर जाऊन बसल्या होत्या. व्हर्डेलनं मला डाव्या हाताच्या चिमटीत धरलं होतं, आणि तिची बोटं गार पडली होती.

"डॅडी, ती बघा शेपटी. डावीकडे, मोकळ्या पाण्यात."

लूशियस यांनी मान वळवली, ती उलट दिशेला. किनाऱ्यावरच्या ओकच्या झाडांकडे.

"तिकडे नाही. इकडे."

"तू टाक."

"तुम्ही बघतच नाही आहात. एवढं बोलावून घेतलंत, आणि आता झाडं बघताय?"

"हळू बोल, मासा ऐकतो," ते म्हणाले. "सरळ बघितलं की डाग नेमका तिथंच येतो गं. शेपटी पुसली जाते. डोळ्याच्या कडेनं दिसतं मला अजून. बघायचंय म्हणूनच तोंड फिरवलंय."

व्हर्डेलची चिमटी माझ्याभोवती एवढी आवळली की माझी लोकर चपटी झाली. मग तिनं मला सोडलं.

मी शेपटीच्या हातभर पुढं पडलो. एक इवलासा हिसका बसला, मी चिखलावर सरकलो. शेपटी थांबली. पाणी फुगलं, एक रुंद कपाळ माझ्याकडे आलं, आणि त्याच्या तोंडात माझं सगळं जग अंधारलं. त्या अंधारात मी एकाच गोष्टीची वाट बघत होतो. छडी उचलली जाते, की दोर ओढला जातो?

दोर ओढला गेला. सरळ, खालून, घट्ट.

नंतरचं मला नीट आठवत नाही. मासा गवत कापत पळत सुटला, छडीवरची दोराची चक्री किंचाळत राहिली, आणि बऱ्याच वेळानं मी पुन्हा उजेडात आलो तेव्हा व्हर्डेल गुडघ्यांवर पाण्यात बसली होती आणि तिच्या हातांत तो मोठा तांबडा धापा टाकत होता. माझे दोन पाय त्याच्या घशात राहिले. राहू देत.

"दिसला?" तिनं विचारलं.

लूशियस अजून झाडांकडेच तोंड करून उभे होते. गाल ओले झाले होते. "शेपटी दिसली. तू ओढलंस ते दिसलं. तुझी टोपी पडली तीही दिसली, ती बघ वाहत चाललीय."

माशाला त्यांनी मिळून सोडलं. मग लूशियस यांनी मला चाचपून आपल्या टोपीत खोचलं आणि म्हणाले, "तुला दहाव्या वर्षी आणायला हवं होतं. चूक माझी होती."

"हो, होती," व्हर्डेल म्हणाली, आणि तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

दोघं तिथंच उभे राहून बोलत राहिले. तो मासा केवढा होता, कसा वळला, हेच पुन्हा पुन्हा. होडीकडे आले तोवर ती गवतावर मांडी ठोकून बसली होती.

"बसली," व्हर्डेल म्हणाली.

"बसली खरी," लूशियस म्हणाले. "माझं लक्षच गेलं नाही."

आयझमला फोन केला, तर तो एवढा हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. अकरा वर्षांचं ओझं उतरलं बिचाऱ्याचं. मग संध्याकाळपर्यंत बाप-लेक त्या कोरड्या होडीत बसून होते. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या, थर्मासभर गोड चहा होता. लूशियस यांनी पहिल्यांदाच तिच्या डोंगराबद्दल विचारलं. ओढ्यांची नावं विचारली. त्या शेजारीणबाईचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाले, "तिला माझे आभार सांग. हात चांगला घडवलाय तिनं तुझा." व्हर्डेल रडली, मग शेंगा खात खात झोपी गेली, आणि त्यांनी आपला सदरा तिच्या तोंडावर ऊन लागू नये म्हणून धरून ठेवला.

आता मी पाण्यात जात नाही. गळाला गंज चढलाय, लोकर विरलीय, पाय चारच उरलेत. लूशियस यांना मी दिसत नाही, टोपी घालताना ते बोटानं मला शोधतात, सापडलो की पुटपुटतात, "आहेस होय." व्हर्डेल दर मोठ्या भरतीला येते आणि झाडांकडे तोंड केलेल्या माणसाला सगळं मोठ्यानं सांगत मासे धरते. लोकरीच्या एका गोळ्याला यापेक्षा जास्त काय हवं? मला बांधणाऱ्या बोटांचा मी ऋणी आहे, माझे पाय गिळणाऱ्या त्या माशाचासुद्धा.

निरोप घेण्याआधी एक सांगतो. पाणी चढतंय की उतरतंय हे लूशियस यांना नुसत्या नडगीला कळतं. भरतीचा तक्ता त्यांना तोंडपाठ असतो, आणि त्या दिवशी संध्याकाळचं पाणी सकाळपेक्षा दोन बोटं जास्त येणार, होडी आपोआप तरंगणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचं लक्ष गेलं नाही यावर माझा काडीचाही विश्वास नाही. बरेच दिवस मला वाटायचं, म्हाताऱ्यानं लेकीला बरं फसवलं. पण होडी वीस पावलांवर तिच्या अगदी समोर होती, आणि गवताच्या देठांवरून पाणी इंचाइंचानं खाली सरकत होतं. तिचे डोळे तर चांगले आहेत.